हाफ मॅरेथॉननंतर गोव्याचं ७०.३ : धावणाऱ्याने ट्रायथलॉनची तयारी कशी करावी

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन संपली की दरवर्षी काही हाफ मॅरेथॉनवाल्यांचं लक्ष गोव्याकडे वळतं. मिरामारच्या किनाऱ्यावरून सुरू होणारी आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरते. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, या सगळ्यांची मैलांत बेरीज ७०.३. हातात आठ-नऊ महिने असतात. आठवड्याला ३० किलोमीटर नियमित धावणाऱ्या आणि हाफ मॅरेथॉन अडीच तासांच्या आत संपवणाऱ्या माणसाला एवढा वेळ पुरतो. मात्र तो वेळ योग्य ठिकाणी घालवावा लागतो.

धावणारा माणूस बहुतेक वेळा धावण्यातच अडकतो, कारण तिथे त्याला बरं वाटतं. आता शर्यतीतल्या वेळेचा हिशोब मांडून बघा. १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद या गतीने पोहणं ५१ मिनिटांत होतं. ताशी २६ किलोमीटरने सायकलला ३ तास २८ मिनिटं लागतात. किलोमीटरला ६ मिनिटं ५० सेकंदांनी धावणं २ तास २४ मिनिटांचं. एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाच्या अदलाबदलीला १३ मिनिटं धरली तर एकूण ६ तास ५६ मिनिटं होतात आणि त्यातली निम्मी सायकलवर जातात. धावणं सुधारून तुम्ही फार तर दहा मिनिटं वाचवाल, पण सायकलवर चुकलात तर धावताना पाऊण तास सहज जातो. म्हणून पोहण्याचं तंत्र आणि सायकलचे तास वाढवायचे, धावणं आहे तिथे टिकवायचं. पुढची सगळी आखणी यावरच उभी आहे.

या अंतराच्या शर्यतींत वेळेच्या मर्यादा साधारण अशा असतात : पोहणं १ तास १० मिनिटं, सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत साडेपाच तास, एकूण साडेआठ तास. त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाचा.

आधी तपासणी

वय ३५च्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ईसीजी आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून, डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करा. धावताना छातीत दडपण, चक्कर किंवा अचानक धडधड कधी जाणवली असेल तर वय कितीही असो, हे टाळू नका. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी माणसांत बी१२ आणि स्त्रियांमध्ये लोह कमी असणं आपल्याकडे खूप आढळतं. अशा वेळी कितीही सराव केला तरी थकवा हटत नाही, आणि दोष सरावाला दिला जातो.

पोहणं : फेब्रुवारीपासूनच

विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू आहे. पण त्यांची मान कायम पाण्याबाहेर असते. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि शरीर पाण्यात तिरकं होऊन ओढ वाढते. पन्नास मीटर असं जाता येतं, १,९०० मीटर नाही. त्यामुळे फ्रीस्टाइल पुन्हा पहिल्यापासून शिकावी, जमल्यास प्रशिक्षकाकडून. एप्रिल-मेमध्ये टँकवर सुट्टीतल्या मुलांची गर्दी उसळते आणि लेन मिळत नाही, म्हणून मूलभूत काम मार्चअखेरपर्यंत उरका.

पहिलं काम श्वास सोडण्याचं. छातीभर पाण्यात उभं राहून तोंड बुडवा आणि नाकातून सलग बुडबुडे सोडा, मग तोंड बाजूला वळवून श्वास घ्या. असं वीस वेळा, रोज. नवशिक्या पाण्यात श्वास कोंडून ठेवतो आणि तोंड बाहेर आल्यावर एकाच क्षणात सोडायचं आणि घ्यायचं अशी दोन्ही कामं करू पाहतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यानेच गुदमरल्यासारखं होतं. ‘पंचवीस मीटरमध्येच दम लागतो’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, फुप्फुसं कमी पडत नसतात.

दुसरं काम शरीर आडवं ठेवण्याचं. नजर सरळ तळाकडे, छाती किंचित पाण्यात दाबलेली. भिंतीला पाय मारून हात पुढे ताणून नुसतं सरकत जा. पाच-सहा मीटर न हलता जाता आलं की मग हात मारायला सुरुवात करा. धावणाऱ्यांचे घोटे ताठर असतात. पाऊल मागे ताणलं जात नाही, त्यामुळे पाय मारूनही पुढे जाणं होत नाही, कधी कधी तर माणूस मागेच सरकतो. रोज जेवणानंतर तीन-चार मिनिटं वज्रासनात बसणं हा यावरचा साधा उपाय. गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर मात्र उशी घेऊन बसा किंवा हे वगळा.

मग अंतर. आधी २५ मीटरच्या १६ फेऱ्या, दोन फेऱ्यांत ३० सेकंद विश्रांती. शेवटची फेरी पहिलीइतकीच शांत झाली की ५० मीटरच्या १०, नंतर १०० मीटरच्या ८. दमलेल्या अवस्थेत लांब पोहून तंत्र सुधारत नाही, चुकीची सवय पक्की होते. एप्रिलअखेर ४०० मीटर सलग आणि ऑगस्टअखेर २,००० मीटर सलग हे टप्पे ठेवा.

४०० मीटर जमू लागलं की स्वतःची गती मोजा. एकाच दिवशी, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, ४०० आणि २०० मीटर जोर लावून पोहा. दोन्ही वेळांतल्या फरकाची निम्मी वेळ ही तुमची १०० मीटरची सरावाची गती. ४०० मीटरला १० मिनिटं आणि २००ला ४ मिनिटं ४० सेकंद लागली तर फरक ५ मिनिटं २० सेकंद, म्हणजे गती २ मिनिटं ४० सेकंद. बऱ्याच टँकवर बॅच ४५ मिनिटांची असते. त्यात बसणारा सराव असा : २०० मीटर हळू, ५० मीटरच्या चार फेऱ्या तंत्रासाठी, मग याच गतीने १०० मीटरच्या दहा फेऱ्या मध्ये २० सेकंद थांबून, शेवटी १०० मीटर सैल. आठवड्यातून तीनदा.

पोहण्याच्या वेळेच्या मर्यादेत राहायला १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद पुरतात, पण टँकमध्ये ३ मिनिटांच्या आत गती असल्याशिवाय समुद्रावर भरवसा ठेवू नका. २५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि त्यात ७५ वेळा भिंतीला पाय मारून फुकटची गती मिळते. समुद्रात भिंत नसते. शिवाय सरळ रेषाही नसते, अनेकजण नागमोडी जाऊन दोन-तीनशे मीटर जास्तच पोहतात. त्यासाठी दर आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर येतील इतकंच डोकं उचलून खूण बघायची आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. हे टँकमध्येच शिका. रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून सहा हात मारा, आपण कोणत्या बाजूला ओढले जातो ते कळेल.

खुल्या पाण्याचा सराव किमान पाच-सहा वेळा हवा, आणि इथे पावसाळा आडवा येतो. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही, अजिबात नाही. मेअखेरपर्यंत काही वेळा समुद्रात किंवा परवानगी असलेल्या तलावात पोहून घ्या, उरलेला सराव पावसानंतर. कोल्हापूरकरांना राजाराम तलाव जवळ आहे, इतरांनी स्थानिक पोहणाऱ्यांच्या गटासोबतच जावं. एकट्याने कधीही नाही. कमरेला नारिंगी फुगा बांधलेला असावा, भरती-ओहोटीची वेळ पाहिलेली असावी आणि किनाऱ्यावर कुणीतरी लक्ष ठेवून असावं.

भीती दाटली तर पाठीवर वळा, तोंडाने लांब श्वास सोडा, वीसपर्यंत मोजा. शर्यतीत हात वर केला की कयाकवाले येतात. कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त त्याच्या आधाराने पुढे जायचं नाही. जेलीफिश लागली तर जागा चोळू नका आणि गोड्या पाण्याने धुऊ नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. श्वासाला त्रास किंवा अंगभर सूज वाटली तर लगेच बाहेर या. गोव्याचं पाणी कोमट असतं, वेटसूटवर पैसे घालवू नका.

सायकल : निम्मी शर्यत

पहिल्या वर्षी साधी, मापाची रोड बाइक पुरे. ट्रायथलॉनची खास सायकल, महागडी चाकं, हे सगळं नंतर. हायब्रिडवरही (सरळ हँडलच्या सायकलवरही) ९० किलोमीटर होतात, पण समोरच्या वाऱ्यात ती दमवते. आहे तो पैसा आधी बाइक फिटिंग, पॅडवाली चड्डी आणि चांगल्या टायरवर खर्च करा.

सीटची उंची अंदाजे बसवायची तर अनवाणी, भिंतीला टेकून उभं राहा, पुस्तक मांड्यांच्या मध्ये घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून त्याच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंटीमीटर आलं तर क्रँकच्या (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत साधारण ७०.६ सेंटीमीटर. हा आरंभबिंदू आहे, पुढे पाच-पाच मिलिमीटरने बदलत जा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूला ओढ बसली किंवा कंबर डावी-उजवी डुलू लागली तर ती वर आहे. तळहात बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलेलं आहे का ते आधी पाहा, हँडलला नंतर हात लावा.

हवा दर राइडआधी भरा. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय ठीक, पुढच्या चाकात थोडी कमी. पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. घरी मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, चेन परत बसवण्याचा सराव दहा मिनिटांत होईपर्यंत करा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार शोधा. ती राहिली की दुसरी ट्यूबही शंभर मीटरवर जाते.

मार्चमध्ये शनिवारी ४० किलोमीटरपासून सुरुवात करून मेअखेर ८० पर्यंत जा. पेडलचे फेरे मिनिटाला ८० ते ९० ठेवा. धावणाऱ्यांच्या पायात ताकद असते, त्यामुळे ते जड गिअर दाबत राहतात आणि मांड्या धावण्याआधीच संपवून टाकतात. पहाटे निघा, मागचा लाल दिवा कायम चालू ठेवा, कानात काही घालू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे.

पाऊस सुरू झाला की मधल्या वारचा सराव घरच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येते त्या यंत्रावर) न्या. आधी २० मिनिटं टिकेल तितक्या जोराने चालवून सरासरी पॉवर (पेडलवरचा जोर, वॅटमध्ये) घ्या आणि ०.९५ ने गुणा, हा तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल इतका जोर. पॉवर मीटर नसेल तर ३० मिनिटं जोराने चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी लिहून ठेवा. बुधवारचा सराव : १५ मिनिटं हलकं, मग १२ मिनिटांचे तीन तुकडे एफटीपीच्या ८८ ते ९२ टक्क्यांवर, मध्ये चार-चार मिनिटं सैल, शेवटी दहा मिनिटं हळू. समोर पंखा हवाच, नाहीतर अंग तापून नाडी उगाच चढते. हँडलवर टॉवेल टाका, घामाने हेडसेटचे (हँडलच्या सांध्याचे) स्क्रू गंजतात. रस्त्यावर गेलात तर ओले पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं आणि घाटातला चिखल यांवर ब्रेक दाबू नका, हवा पाच पीएसआय कमी ठेवा आणि ब्रेक पॅड दर आठवड्याला बघा.

शर्यतीत किती जोर लावायचा? एफटीपीच्या ७० ते ७५ टक्के. मीटर नसेल तर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतका. चढावर किंवा कुणाला मागे टाकताना मारलेले जोरदार झटके स्नायूंमधली साखर झपाट्याने जाळतात आणि पोटाकडचं रक्त पायांकडे वळवतात. मग घेतलेलं जेल (पाकिटातलं घट्ट गोड खाणं) पचत नाही, मळमळतं आणि धावण्याच्या आठव्या-दहाव्या किलोमीटरला पाय बंद पडतात. दोष धावण्याला दिला जातो, चूक सायकलवर झालेली असते.

धावणं आणि आठवडा

आठवड्यात तीनच धावा : एक लांब, १६ ते १८ किलोमीटरपर्यंत, एक मध्यम जोराची ८ किलोमीटर, आणि एक सायकलवरून उतरल्या उतरल्या २० ते ३० मिनिटांची ब्रिक रन. सायकलनंतर पहिला किलोमीटर पाय लाकडी वाटतात, आणि पेडलच्या फेऱ्यांच्या सवयीने वेग नकळत जास्त असतो. तो मुद्दाम किलोमीटरला २० सेकंद कमी करायला शिकणं हाच ब्रिकचा हेतू. एकूण ३५ किलोमीटरच्या वर जाऊ नका.

आठवडा असा बसतो. सोमवारी विश्रांती. मंगळवारी सकाळी पोहणं, संध्याकाळी अर्धा तास ताकदीचे व्यायाम : एका पायावर पोटरी उचलणं १५ चे तीन, स्क्वॉट, ग्लूट ब्रिज, प्लँक. बुधवारी ट्रेनर. गुरुवारी पोहणं आणि मध्यम धाव. शुक्रवारी पोहणं. शनिवारी लांब सायकल आणि ब्रिक. रविवारी लांब धाव. सुरुवातीला आठवड्याचे सात-आठ तास, सर्वांत जास्त अकरा-बारा. दर चौथ्या आठवड्यात सगळं ४० टक्क्यांनी कमी करा. ऑफिस, घरचं कार्य, गणपती यांत काही सुटलंच तर ते पुढच्या दिवशी भरून काढू नका. सोडायचं असेल तर आधी गुरुवारची धाव सोडा, शनिवार मात्र राखा. नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच ठिकाणी तीव्र दुखत असेल तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ताणाने हाडाला चीर गेलेली असू शकते.

खाणं-पिणं : याचाही सराव लागतो

सायकलवर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, बहुतेक जेलमध्ये २० ते २५. घरचं पेय स्वस्त आणि चांगलं : एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ म्हणजे पाव चमचा, अर्धं लिंबू. त्या मिठातून जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर किचनच्या काट्यावर मोजा, चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. शेंगदाण्याची चिक्की लोकप्रिय असली तरी तिच्यातलं तेल जोराच्या वेळी पोटात बसून राहतं. ती राइड संपल्यावर खा. मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि बिया काढलेले खजूर लांब राइडला छान चालतात.

पाणी किती, हे मोजून ठरवा. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. ७०.० चं ६९.१ झालं आणि मध्ये ४०० मिली प्यायलात तर घाम १.३ लिटर. त्यातलं साधारण दोन तृतीयांश भरून काढणं पुरे. नुसतं साधं पाणी भरपूर पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं : डोकं दुखणं, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं, आणि वजन कमी होण्याऐवजी वाढणं. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. अशा वेळी आणखी पाणी न पाजता वैद्यकीय तंबू गाठा.

ऑक्टोबरच्या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी नऊनंतर, सावकाश, पाणी सोबत घेऊन धावा.

शेवटचा आठवडा आणि शर्यत

सराव निम्म्यावर आणा, पण प्रत्येक प्रकारात थोडा वेगाचा तुकडा ठेवा. सायकल रेल्वेने किंवा बसने नेत असाल तर पेडल आणि मागचं डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) काढून गुंडाळा आणि पोचल्यावर सगळे गिअर टाकून अर्धा तास चालवून बघा. आदल्या संध्याकाळी मासळीचं ताट मागवण्याचा मोह टाळा, साधा वरण-भात बरा. सकाळी तीन तास आधी ओळखीचंच खा : शेंगदाणे न घातलेले पोहे किंवा पाव-जॅम आणि केळं.

मानेला, काखेत आणि मांड्यांत व्हॅसलिन लावा. पाण्यात कडेला आणि मागे उभे राहा, पहिले २०० मीटर हळू. सायकलपाशी आल्यावर आधी हेल्मेट घालून पट्टा लावा, मगच सायकलला हात लावा, नाहीतर दंड होतो. परततानाही सायकल अडकवल्यावरच पट्टा सोडायचा. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखायचं, त्या टप्प्यात शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघायचं. पहिली २० मिनिटं फक्त घोट-घोट पाणी, नंतर दर १५ मिनिटांनी खाणं. घड्याळात गजर लावा, कारण उन्हात भूक कळत नाही.

धावताना पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या गतीपेक्षा हळू. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी तीस पावलं चाला, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता, बर्फ मिळाला तर टोपीत ठेवा. उष्ण दिवशी थंडीतल्या हाफ मॅरेथॉनपेक्षा किलोमीटरला ३० ते ६० सेकंद जास्त लागणारच, ते आधीच हिशोबात धरा. अंगावर काटा आला, थंडी वाजू लागली किंवा पावलं वेडीवाकडी पडू लागली तर थांबा. हा उष्माघाताचा इशारा असतो, तिथे जिद्दीचा उपयोग नाही.

शर्यतीनंतर आठवडाभर धावू नका. तिसऱ्या दिवसापासून हलकं पोहणं चालेल. सायकलवर मात्र त्याच संध्याकाळी गोडं पाणी मारा, चेन पुसून तेल घाला आणि पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा. खाऱ्या हवेत आणि घामात राहिलेली चेन दोन दिवसांत तांबारते.